कड्यातली फट

यंत्रांचा इतिहास आपल्याकडे बहुधा आगमनाचा इतिहास असतो. पहिली आगगाडी केव्हा धावली, पहिला कारखाना कोणी काढला, मोटार प्रथम कोणत्या शहरात दिसली, याच्या तारखा शालेय पुस्तकांतही सापडतात. आलेले यंत्र पुढे झिजले कसे, झिजल्यावर ते कोणी उघडले, कशाने मोजले आणि पुन्हा कसे चालते केले, याला मात्र इतिहासात जागा मिळत नाही. डेव्हिड एजर्टन या ब्रिटिश इतिहासकाराने २००६ साली 'द शॉक ऑफ द ओल्ड' या पुस्तकात नेमका हाच आक्षेप घेतला होता. तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांपेक्षा वापराच्या अंगाने लिहावा, असे त्याचे म्हणणे. आणि वापर म्हटला की दुरुस्ती आलीच. प्रस्तुत लेखात आम्ही हा आक्षेप एका अगदी लहान वस्तूला लावून पाहणार आहोत. वस्तू म्हणजे मोटारीच्या इंजिनातील पिस्टनची रिंग, आणि जागा म्हणजे महाड-पोलादपूरचा रस्ता.

साहित्याच्या अभ्यासकाचे रिंगेशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. त्याचे पहिले उत्तर शब्दांत आहे. परिभाषेच्या मराठीत पिस्टनला 'दट्ट्या' म्हणतात. शब्द चांगला आहे; 'दाटणे' या क्रियापदाची आठवण करून देणारा, पिचकारीपासून पंपापर्यंत सर्वत्र चालणारा. त्याच न्यायाने रिंगेला 'कडे' म्हणावे लागेल. परंतु महाडच्या वाचकासमोर 'कड्यातली फट' असे शब्द ठेवले, तर त्याच्या डोळ्यांपुढे प्रथम रायगडाचा कडा उभा राहील, आणि त्यात त्याची काही चूक नाही! गॅरेजात कोणी दट्ट्या म्हणत नाही, कडेही म्हणत नाही. तिथे पिस्टन, रिंगा, रिंगेचा गॅप, फिलर गेज, बोअर आणि 'थाऊ' हेच शब्द चालतात. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. सुताराचे माप सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात. फिटरचे माप थाऊत. या दोन मापांमधले अंतर हे एका अर्थी हस्तकौशल्याच्या दोन युगांमधले अंतर आहे. ते अंतर कोकणातल्या कारागिराने एखाद-दोन पिढ्यांत कापले, आणि त्याविषयी मराठीत फारसे लिहिले गेले नाही.

रिंगेचा मूळ प्रश्न मोटारीहून बराच जुना आहे. सिलिंडरमध्ये पिस्टन पुढेमागे सरकला पाहिजे, आणि त्याच्या कडेने वाफ वा वायू निसटताही कामा नये. म्हणजे तो सैलही हवा आणि घट्टही हवा. जेम्स वॉटच्या काळात सिलिंडर इतके ओबडधोबड होते की ही फट चरबीत भिजवलेल्या वाखाच्या वेण्यांनी बुजवावी लागे. जॉन विल्किन्सनने १७७० च्या दशकात तोफांच्या नळ्या कोरण्याच्या अनुभवावरून सिलिंडर कोरण्याचे यंत्र केले, तेव्हा पन्नास इंच व्यासाच्या सिलिंडरमध्ये जुन्या शिलिंगच्या जाडीइतकीही चूक राहत नाही, याचे वॉटच्या भागीदाराला, मॅथ्यू बोल्टनला, मोठे अप्रूप वाटले होते. एका नाण्याची जाडी ही तेव्हाच्या अचूकतेची परिसीमा! पुढे जॉन रॅम्सबॉटम या इंग्रज रेल्वे अभियंत्याने वाखाच्या वेण्या काढून टाकल्या आणि पिस्टनवर खाचा पाडून त्यांत धातूची अरुंद, एका जागी कापलेली कडी बसवली. मोकळे असताना असे कडे सिलिंडरपेक्षा थोडे मोठे असते. दाबून आत घातले की स्वतःच्या स्प्रिंगसारख्या ताणाने ते भिंतीला चिकटून राहते. १८५४ साली त्याने या सुधारणेची हकीकत इंग्लंडातील यंत्र अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडली. आदल्याच वर्षी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी गेली होती. ती तारीख आपल्याकडे सर्वांना पाठ असते. कापलेल्या कड्याने त्यानंतर जगातल्या जवळजवळ प्रत्येक इंजिनात घर केले, तरी त्याची तारीख कोणाला ठाऊक नसते.

आता महाडकडे वळू. महाड हे मुळात नदीचे बंदर. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपुरावरून महाडला येते आणि पुढे बाणकोटपाशी समुद्राला मिळते. मुंबईचा माल आणि माणूस गलबताने वा बोटीने दासगावपर्यंत यावा, ही जुनी रीत. मोटारीने ती मोडली. पण एकदम नव्हे, आणि सर्वांसाठीही नव्हे. १९२७ च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर सत्याग्रहाच्या दुसऱ्या परिषदेसाठी मुंबईहून महाडला निघाले, तेव्हा धरमतरला उतरून मोटारीने महाड गाठण्याचा मार्ग उपलब्ध होता. परंतु मोटारमालक बहिष्कार घालतील ही शक्यता धरून तो टाळण्यात आला. मंडळी बोटीने दासगावला उतरली आणि तिथून पाच मैल चालत महाडला पोहोचली. २५ डिसेंबरला तिथे मनुस्मृती जाळण्यात आली, हे सर्वश्रुत आहे. आम्हांला इथे नोंदवायचे आहे ते एवढेच की १९२७ साली धरमतर-महाड रस्त्यावर भाड्याच्या मोटारी होत्या, त्यांच्या मालकांचा एक वर्ग तयार झालेला होता, आणि त्या मोटारीत कोणी बसावे हे ठरवण्याची ताकद त्या वर्गाच्या हाती होती. यंत्र नवे, त्याच्या दारावरचा पहारा जुना. तळ्याच्या पाण्याचा इतिहास जसा लिहिला गेला, तसा मोटारीतल्या जागेचाही लिहिला जायला हवा.

या रस्त्याने इंजिनाची परीक्षा कशी घेतली, हे समजण्यासाठी नकाशा पुरेसा आहे. महाडहून वरंधा घाट भोरकडे चढतो. पोलादपुरात रस्ता दुभंगतो: दक्षिणेला कशेडी घाट ओलांडून खेड-चिपळूण, पूर्वेला आंबेनळी घाटाने प्रतापगडाच्या पायथ्यावरून महाबळेश्वर. समुद्रसपाटीपासून फारशा उंचीवर नसलेल्या पोलादपुराहून सुमारे चाळीस किलोमीटरांत गाडी तेराशे मीटरांच्या वर चढते. पोलादपूर या नावात पोलाद आहे, ते कसे आले ते असो. पण जुन्या गाडीतील लोखंडाची कसोटी याच गावापासून सुरू होई.

घाट हे निदानाचे साधनच आहे. चढणीला, इंजिनावर पूर्ण भार असताना, मागच्या नळीतून सातत्याने निळसर धूर येऊ लागला तर रिंगा झिजल्या, असे फिटर समजतो. दाबाखालचा वायू खाली निसटतो आणि रिंगांनी खरवडून परत पाठवायचे तेल वर राहून जळते. लांब उतार संपल्यावर पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताच निळा झोत आला आणि लगेच विरला, तर संशय आधी व्हॉल्व्हच्या गाइडवर जातो. कारण उतारावर थ्रॉटल मिटलेला असताना निर्माण होणारी पोकळी त्या वाटेने तेल ओढून घेते. सपाट रस्त्यावर ही दोन दुखणी सहज वेगळी करता येत नाहीत. घाटाच्या पायथ्याच्या गावात मात्र येणारी गाडी कोणत्या घाटाकडून आली आणि कोणता धूर ओकते आहे, एवढ्यावरून अर्धे निदान होऊन जाई. उरलेल्या अर्ध्यासाठी प्लग काढून, त्या भोकातून चमचाभर तेल आत सोडून, सिलिंडरमधला दाब पुन्हा मोजायचा. तेलाने फट तात्पुरती बुजते. दाब वाढला तर दोष रिंगांचा, आहे तसाच राहिला तर व्हॉल्व्हचा.

इंजिन उघडल्यावरचे काम अधिक नाजूक. नवी रिंग पिस्टनवर चढवण्यापूर्वी ती नुसतीच सिलिंडरमध्ये सोडतात, आणि उलट्या धरलेल्या पिस्टनने हलकेच खाली ढकलतात, म्हणजे ती तिरपी न राहता चौरस बसते. मग तिच्या दोन टोकांमधल्या फटीत फिलर गेजची पाती एकेक करून घालायची. जुन्या गाड्यांच्या बाबतीत ढोबळ नियम असा की बोअरच्या दर इंचामागे तीन ते चार थाऊ फट असावी. विलिस जीपचा बोअर सव्वातीन इंचांहून थोडा कमी, ३.१२५ इंच, तेव्हा फट नऊ ते साडेबारा थाऊ. फियाट ११०० चा, म्हणजे पुढच्या पद्मिनीचा, बोअर ६८ मिलिमीटर. तिथे फट साधारण आठ ते साडेदहा थाऊ.

हा नियम आकाशातून पडलेला नाही. ६८ मिलिमीटर बोअरच्या रिंगेचा परीघ सुमारे २१३.६ मिलिमीटर. ओतीव लोखंड दर अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या दहा लाखांशातील साधारण अकरा भाग वाढते. चालत्या इंजिनात वरची रिंग सिलिंडरच्या भिंतीपेक्षा शंभर अंशांनी अधिक तापली असे धरले, तर तिची वाढ पाव मिलिमीटरच्या जरा आत, म्हणजे सव्वानऊ थाऊंच्या आसपास येते. फटीचे माप आणि वाढीचे माप जवळजवळ एकच. ज्याने हे गणित कधी कागदावर मांडले नाही, त्या फिटरच्या हातात त्याचे उत्तर असते. फट हवी त्याहून मोठी राहिली, तर थोडा दाब निसटेल, तेल थोडे जास्त लागेल. ती लहान राहिली, तर चढणीला तापलेल्या रिंगेची टोके एकमेकांना भिडतील, रिंगेला वाढायला जागा उरणार नाही, ती सिलिंडरची भिंत ओरबाडील किंवा मोडेल. म्हणून शंका असेल तेव्हा फिटर सैलाच्या बाजूने जातो. पाठचिकित्सेत संपादक ज्याप्रमाणे दोन चुकांपैकी कमी घातक चूक पत्करतो, तशातलाच हा निवाडा.

या फटीचा आणखी एक उपयोग आहे, आणि आमच्या मते तो सबंध विषयातला सर्वांत देखणा भाग आहे. सिलिंडर सर्वत्र सारखा झिजत नाही. वरच्या टोकाला, जिथे ज्वलनाचा दाब आणि उष्णता अधिक आणि तेल कमी, तिथे तो जास्त झिजतो. अगदी वर, जिथवर रिंग पोहोचतच नाही, तिथे न झिजलेली एक कड उरते. झीज मोजायचे बोअर गेज महाग. आडरस्त्याच्या गॅरेजात ते कुठून असणार? मग रिंगच मापक होते. ती कडेच्या जरा खाली ठेवून फट मोजायची, मग तळाशी ढकलून पुन्हा मोजायची. समजा वर अठ्ठावीस थाऊ आली आणि खाली बारा. फरक सोळा. फट वाढली म्हणजे परीघ वाढला. आणि परीघातल्या वाढीला ३.१४ ने भागले की व्यासातली वाढ मिळते. म्हणजे सिलिंडर वर सुमारे पाच थाऊ रुंद झाला आहे. आठ-दहा थाऊंच्या पुढे हा आकडा गेला की नुसत्या रिंगा बदलून भागत नाही. सिलिंडर पुन्हा कोरून, वीस, तीस वा चाळीस थाऊ मोठे पिस्टन घालावे लागतात. वर्तुळाच्या परीघाचा सिद्धान्त शाळेत ज्याला रुक्ष वाटला असेल, त्याने तो इथे पाहावा. झिजलेल्या बोअरमध्ये नव्या रिंगेची फट तळाशीच पक्की करायची हेही यातूनच येते. वर ती मोठीच दिसणार, पण खाली, जिथे बोअर अरुंद आहे, तिथे टोके भिडली तर घात.

फट कमी आली तर रिंगेचे एकच टोक कानशीवर घासतात. कानस शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, पक्की धरलेली आणि रिंग हातात. घासणे बाहेरच्या कडेकडून आत, म्हणजे भिंतीला लागणाऱ्या बाजूवर खरका उरत नाही. पिस्टनच्या खाचांत जमलेला कोळसा खरवडायला जुन्या रिंगेचा मोडका तुकडाच सर्वांत सोयीचा. तो त्या खाचेच्या मापाचाच असतो. मग नवी रिंग खाचेच्या बाहेरून गोल फिरवून पाहायची की कुठे अडकते का, आणि खाचेतली मोकळीक, दीड ते तीन थाऊ, पुन्हा पात्याने तपासायची. ही मोकळीक लागतेच, कारण वायू रिंगेच्या मागे शिरून तिला भिंतीवर दाबतो. रिंगेचा स्वतःचा ताण त्या मानाने थोडा. शेवटी तिन्ही रिंगांच्या फटी एका रेषेत न ठेवता वर्तुळाच्या तिसऱ्या-तिसऱ्या भागावर फिरवून ठेवायच्या. आम्ही हे थोडे विस्ताराने लिहिले, कारण ही कृती सलग मराठी वाक्यांत वाचायला मिळणे दुर्मीळ आहे.

ही कला इतकी पसरली त्याला आर्थिक इतिहासाचेही कारण आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली होती. स्वातंत्र्यानंतर, केवळ सुटे भाग आणून जुळणी करणाऱ्यांनी इथेच उत्पादन करावे, नाहीतर जावे, असे धोरण आले आणि १९५४ साली तो कारखाना बंद झाला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला उत्पादनाचा मार्ग धरला. पण रस्त्यावर धावत असलेल्या शेवरलेट, डॉज, स्टुडबेकर त्या धोरणाने नाहीशा थोड्याच होणार होत्या? १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झालेल्या सरकारी एसटीच्या ताफ्यातही शेवरलेट, बेडफर्ड, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, आल्बियन अशा नाना जातींच्या गाड्या होत्या. रिंगा देशात होऊ लागल्या होत्या, मद्रासेत इंडिया पिस्टन्स १९४९ मध्ये, पतियाळाला गोट्झे १९५४ मध्ये. परंतु जुन्या अमेरिकन गाडीच्या नेमक्या मापाची रिंग दुकानात मिळेलच असे नव्हते. तेव्हा जवळच्या मोठ्या मापाची रिंग आणून टोके घासायची. त्यालाही मर्यादा आहे: फार घासलेली रिंग सिलिंडरमध्ये गोल बसत नाही. ते पाहायला सिलिंडरच्या खाली दिवा धरतात आणि वरून बघतात. रिंग आणि भिंत यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली तर ती रिंग बाद.

एसटीच्या मोठ्या दुरुस्त्या दापोडीसारख्या मध्यवर्ती कार्यशाळांत होत, तिथे नोंदवह्या असत. खाजगी गॅरेजाचा इतिहास मात्र नोंदीवाचूनचा. त्याचे काही दुवे शब्दांत टिकले आहेत. 'मेस्त्री' हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्र'वरून आला, 'चावी'ही पोर्तुगीजच; म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे, कुलपांचे शब्द गॅरेजात शिरले आणि त्यांच्या शेजारी इंग्रजी 'फिटर' येऊन बसला. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गांव-गाडा'त (१९१५) लोहार-सुतारांची, त्यांच्या हक्कांची आणि कामाची तपशीलवार नोंद आहे. मोटारीचा फिटर बलुत्यात नव्हता, त्याला वतन नव्हते, म्हणून त्याची नोंद करणारा आत्रेही त्याला भेटला नाही. किर्लोस्करवाडीच्या यंत्रांच्या कारखान्यातून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाले, आणि त्यातून मराठीतले एक महत्त्वाचे मासिक उभे राहिले. लोखंड आणि ललित एकाच छताखाली नांदण्याची ती संधी होती. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ते मासिक साहित्यासाठी लक्षात राहिले. पण नांगराचे काय, पंपाचे काय? कोकणातल्या एसटीवरचे आपले सर्वांत लाडके लेखन, पु. ल. देशपांडे यांचे 'म्हैस', त्यात गाडी अडते ती म्हशीमुळे. बॉनेटखाली डोकावण्याची गरज मराठी लेखकाला सहसा वाटलेली नाही, ही तक्रार नव्हे, निरीक्षण आहे.

महाडच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती पुराची. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या या भागात सावित्री आणि गांधारी शहरात शिरतात. २००५ च्या जुलैत शिरल्या, २२ जुलै २०२१ रोजी पुन्हा शिरल्या. त्याच दिवशी तळिये गाव दरडीखाली गेले. माणसांच्या त्या हानीपुढे यंत्रांची हानी कोण मोजणार, आणि मोजूही नये. पण पूर ओसरल्यावर ज्याचे पोट गाडीवर आहे, त्याला ती लगेच चालू करून पाहण्याचा मोह होतो, आणि तिथेच तो बुडतो. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून, इंजिन हाताने फिरवून आधी पाणी बाहेर काढायला हवे, आणि मग तेल सोडायला हवे. तेही लवकर, कारण गाळाच्या पाण्यात राहिलेली ओतीव लोखंडाची रिंग थोड्याच दिवसांत भिंतीला गंजून धरते. जुनी, वर्षानुवर्षे पडवीत उभी असलेली गाडी उघडली की पूर आलेला नसतानाही हेच दिसते. कोकणातल्या दमट हवेला पुराची गरज नसते. मग सिलिंडरमध्ये रॉकेल किंवा डिझेल ओतून दिवसच्या दिवस थांबायचे, रोज हँडलला थोडा जोर द्यायचा, आणि घाई करायची नाही.

जुन्या गाड्यांना आता कायद्याचीही व्याख्या मिळाली आहे. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने केलेल्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नासहून अधिक वर्षे झालेली, आणि जिची चासी, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नाही, अशी गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते; तिच्या पाटीवर 'व्हीए' ही अक्षरे येतात. पन्नास वर्षे चाललेल्या गाडीचे इंजिन मुळाबरहुकूम राहिलेले असते ते कशामुळे? रिंगा चार वेळा बदललेल्या, बोअर चाळीस थाऊ मोठा, एखाद्या सिलिंडरात नवी स्लीव्ह. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी भांडारकर संस्थेत ज्यांनी हस्तलिखिते जुळवली, त्यांना हा प्रश्न ओळखीचा वाटला असता. फरक इतकाच की तिथे प्रत्येक पाठभेदाखाली टीप आहे. इथे पाठभेद सिलिंडरच्या भिंतीवर आणि पिस्टनच्या माथ्यावर ठोकलेल्या '०४०' या आकड्यात.

मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात गेली. त्याच वर्षी कशेडीच्या बोगद्यातून वाहने जाऊ लागली. घाटाच्या माथ्यावर पोहोचेपर्यंत धूर कोणत्या रंगाचा येतो हे पाहण्याची वेळ आता बहुतेकांवर येत नाही. नव्या इंजिनांतही रिंगा आहेतच, आणि त्यांना फटही आहे. तिचे माप मिलिमीटरात छापलेले येते. आंबेनळीचा रस्ता मात्र अजून डोंगरावरूनच जातो. हिवाळ्यात एखादी हौसेने सांभाळलेली फियाट महाबळेश्वराकडे चढताना तिथे दिसते, आणि पोलादपुरात थांबून तिचे बॉनेट उघडले गेले, तर बाजूला जमलेल्यांपैकी एखादा वयस्क माणूस इंजिनाचा आवाज थोडा वेळ ऐकतो आणि विचारतो, "किती थाऊवर आहे?"